दुखऱ्या खांद्याचा खेळाडू

हॉकी हा शब्द उच्चारिला कीं आपणां महाराष्ट्रीयांच्या डोळ्यांपुढें हिरवें मैदान, बांकदार काठी आणि पांढरा चेंडू हीं उभीं राहतात. मेजर ध्यानचंदांचें नांव आठवतें. पुण्याकडील मंडळींस खडकीचे धनराज पिल्ले आठवतात. परंतु उत्तर अमेरिकेंत याच नांवाचा जो खेळ लोकांनीं जिवापाड जपिला आहे तो बर्फावरचा. आपल्या देशांत लडाखची मुलें गोठलेल्या तळ्यांवर तो खेळतात. आम्हां दख्खनच्या लोकांस मात्र बर्फ म्हणजे सरबतांतला एवढीच ओळख. म्हणून प्रारंभीं दोन शब्द त्या खेळाविषयीं सांगणें अवश्य आहे. क्रीडांगण २०० फूट लांब व ८५ फूट रुंद, चारी बाजूंनीं फळ्यांची भिंत, आणि आंत दोन्हीं पक्षांचे सहा सहा गडी, त्यांत एकेक गोलरक्षक. चेंडूच्या ऐवजीं एक इंच जाडीची व तीन इंच व्यासाची रबराची चकती असते. तिला पक म्हणतात. ज्याच्यापाशीं पक असेल त्यास खांद्यानें वा छातीनें धक्का देऊन दूर सारणें हें तेथें नियमबाह्य नाहीं, उलट कौशल्याचें मानितात. खेळाचा वेग इतका कीं गडी पाऊण मिनिटभर बर्फावर राहतो, दमतो, आणि चालू खेळांतच बाकावर परत येऊन दुसऱ्यास पाठवितो. अशा खेळांत हाडें शाबूत ठेवून दहा वर्षें काढणें हाच एक पराक्रम होय.

गतवर्षीं आमच्या वादविवाद मंडळांत वरच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें विषय सुचविला तो असा: ‘वारंवार जायबंदी होणारा तरुण आघाडीचा खेळाडू संघानें दुसऱ्या संघास देऊन टाकावा काय?’ त्याच्या मनांत कॅनडाच्या राजधानींतील ओटावा सेनेटर्स हा संघ आणि त्यांचा जॉश नॉरिस होता. बहुतेक मुलांनीं तें नांव प्रथमच ऐकिलें. पण खेळाडूंच्या अदलाबदलीची कल्पना त्यांस नवी नव्हती. नोव्हेंबर २०२३ मध्यें हार्दिक पंड्या गुजरातच्या क्रिकेट संघांतून मुंबईच्या संघांत आला तेव्हां वसतिगृहांत दोन दिवस दुसरें बोलणें नव्हतें. मंडळांतील चर्चा तासभर रंगली आणि घंटा झाल्यामुळें थांबली. माझ्या मनांत मात्र ती चालू राहिली. कारण शाळेच्या हॉकी संघाची निवड कांहीं वर्षांपासून माझ्याकडे आहे, आणि दुखऱ्या गुडघ्यांचीं व निखळणाऱ्या खांद्यांचीं मुलें दरवर्षीं माझ्यापुढें येऊन उभीं राहतात.

नॉरिसची हकीगत थोडक्यांत अशी. त्याचा जन्म १९९९ सालचा, अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांतला. वडील ड्वेन नॉरिस हे स्वतः नामांकित खेळाडू. १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकांत रौप्यपदक मिळविणाऱ्या कॅनडाच्या संघांत ते होते. मुलास २०१७ सालीं कॅलिफोर्नियांतील सॅन होजे संघानें निवडलें. पण त्या संघाकडून एकही सामना खेळण्यापूर्वींच, सप्टेंबर २०१८ मध्यें, ओटावानें आपला सर्वोत्तम बचावपटू एरिक कार्लसन सॅन होजेला देऊन त्याच्या मोबदल्यांत जें गांठोडें घेतलें त्यांत हा एकोणीस वर्षांचा मुलगाही होता. म्हणजे ज्याला पुढें देऊन टाकावें कीं ठेवावें असा वाद माजला, तो आलाही अदलाबदलींतूनच. त्याच गांठोड्यांत एक भावी निवडीचा हक्क होता. त्याच्या बळावर ओटावास २०२० सालीं टिम श्ट्युट्झले हा जर्मन खेळाडू मिळाला. आंबा देऊन कोयी घेतल्या म्हणून तेव्हां ओटावाचे लोक रागावले होते. कोयींना झाडें आलीं तेव्हां राग ओसरला.

विश्वविद्यालयांत असतांनाच नॉरिसच्या खांद्यावर पहिली शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ओटावाच्या दुय्यम संघांत, बेलव्हिल येथें, २०१९–२० च्या हंगामांत त्यानें ५६ सामन्यांत ३१ गोल केले व त्या श्रेणींतील उत्तम नवोदिताचा मान मिळविला. मुख्य संघांत आल्यावर २०२१–२२ मध्यें त्याचे ६६ सामन्यांत ३५ गोल झाले. त्याही वर्षीं खांद्यानें त्याला कांहीं आठवडे घरीं बसविलें होतें, तरीही गोल पस्तीस. तेवीस वर्षांच्या मुलाची ही करामत पाहून संघानें जुलै २०२२ मध्यें त्याच्याशीं आठ वर्षांचा करार केला. एकूण रक्कम ६ कोटी ३६ लक्ष डॉलर, म्हणजे वर्षास सरासरी ७९ लक्ष ५० हजार.

करारावरची शाई वाळते न वाळते तोंच, ऑक्टोबर २०२२ मध्यें, तोच खांदा पुन्हां दुखावला. त्या वेळीं शस्त्रक्रिया टाळून व्यायामानें खांदा बळकट करण्याचा मार्ग पत्करला गेला. जानेवारींत तो परत आला, तीन सामने खेळला, आणि पुन्हां खालीं बसला. दुसरी शस्त्रक्रिया झाली. त्या हंगामांत त्याचे एकंदर आठ सामने झाले. पुढच्या हंगामांत पन्नास सामने झाल्यावर, फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस, त्याच खांद्यानें दगा दिला व तिसरी शस्त्रक्रिया झाली. करारानंतरच्या दोन हंगामांत संघाचे नियमित सामने १६४. त्यांपैकीं नॉरिस खेळला ५८.

खांद्याच्या रचनेविषयीं येथें थोडें सांगितल्यावांचून राहवत नाहीं, कारण मुलांस व त्यांच्या आईबापांस ही गोष्ट ठाऊक असावी. मांडीचें हाड कमरेच्या खोबणींत खोल बसलेलें असतें, उखळांत मुसळ बसावें तसें. खांद्याचें तसें नाहीं. बशीवर लिंबू ठेवावें तशी त्याची बैठक उथळ आहे. म्हणूनच हात चोहोंकडे फिरतो, गोलंदाजी करतां येते, विहिरींतून पोहरा ओढतां येतो. आणि म्हणूनच तो सांधा सर्वांत सहज निखळतो. त्या उथळ बशीच्या कडेला कुर्चेचें एक कडें असतें. जबर धक्क्यानें तें एकदां फाटलें कीं लिंबू घसरण्याची वाट मोकळी होते. पहिल्यांदां खांदा निखळला तेव्हां वय जितकें कोंवळें, तितका तो पुन्हां निखळण्याचा संभव अधिक, असें वैद्यकाचें सांगणें आहे. आपल्याकडे हाड बसविणारा कोणीतरी हिसका देऊन सांधा जागेवर आणतो, हळदीचा लेप लावतात, आणि आठव्या दिवशीं मुलगा मैदानावर असतो. हात वर होतो ना, मग बरा झाला, ही आपली परीक्षा. कडें फाटलें कीं काय हें कोणी पाहत नाहीं.

आतां मूळ प्रश्न. आमच्या मंडळांत ‘देऊन टाकावा’ या पक्षाच्या मुलांचें म्हणणें जमाखर्चाचें होतें, आणि तें हंसण्यावारी नेण्यासारखें नव्हतें. ज्या संघटनेंत ओटावा खेळते त्या नॅशनल हॉकी लीगमध्यें २००५ सालापासून वेतनमर्यादा आहे. तत्पूर्वींचा अख्खा हंगाम या वादापायीं रद्द झाला होता. कोणत्याही संघानें, तो कितीही धनाढ्य असो, आपल्या खेळाडूंवर ठराविक रकमेपेक्षां अधिक खर्च करावयाचा नाहीं. २०२४–२५ च्या हंगामासाठीं ती रक्कम ८ कोटी ८० लक्ष डॉलर होती. तेवीस जणांच्या ताफ्यांत एकट्या नॉरिसकडे अकरावा हिस्सा जात होता. तो अंथरुणावर असला तरी पगार द्यावाच लागतो. करार पक्का असतो. दीर्घकाळ जायबंदी असलेल्याच्या जागीं दुसरा आणण्याची सवलत नियमांत आहे खरी. पण ऐन हंगामांत त्याच तोलाचा गडी मिळणार कोठून? घरांत अकरा पोतीं धान्य आणि त्यांतल्या एकास कीड. ती कितपत पसरेल हें पोतें उघडल्याखेरीज कळत नाहीं. अशा घरांतील कर्त्या माणसानें रात्रीं काय विचार करावा?

‘ठेवावा’ या पक्षाचें बोलणें भावनेचें होतें. तो आमच्यासाठीं खेळतांना जखमी झाला, जखमीस टाकून पुढें जाणारें सैन्य कसलें, असें एकजण म्हणाला व टाळ्या मिळाल्या. टाळ्या योग्यच होत्या, पण उपमा पुरती लागू पडत नाहीं. सैन्य ज्याला मागें टाकतें त्याच्या नशिबीं मरण. अदलाबदलींत गेलेल्या खेळाडूचा पगार, करार व उपचार हीं सारीं नव्या संघाच्या शिरावर जातात. त्याचें एका डॉलरचेंही नुकसान होत नाहीं. नुकसान होतें तें निराळ्या खात्यांत, ज्याची वही कोणी ठेवीत नाहीं. ओटावाचा कर्णधार ब्रेडी टकाचक आणि नॉरिस हे कुमारवयापासूनचे सोबती. ओटावांत दोघे एका घरांत राहिलेले. पंचवीस वर्षांच्या माणसाला एका दुपारीं दूरध्वनी येतो, आणि संध्याकाळीं त्याचें गांव, त्याचे सोबती व त्याच्या सदऱ्यावरचें चित्र हीं बदललेलीं असतात.

तसा दूरध्वनी ७ मार्च २०२५ रोजीं झाला. त्या दिवशीं अदलाबदलीची मुदत संपत होती. त्या हंगामांत नॉरिस पुन्हां उभा राहिला होता. ओटावाकडून त्याचे ५३ सामन्यांत २० गोल झाले होते. ओटावानें त्याला व जेकब बर्नार्ड-डॉकर या बचावपटूस सरहद्दीपलीकडच्या बफेलो सेबर्स संघास दिलें, आणि मोबदल्यांत डिलन कोझेन्स, डेनिस गिल्बर्ट व २०२६ सालच्या दुसऱ्या फेरींतील निवडीचा हक्क घेतला. कोझेन्स हा कॅनडाच्या पार उत्तरेकडील युकॉन प्रदेशांतला, चोवीस वर्षांचा, नॉरिससारखाच मध्यावर खेळणारा. २०२२–२३ मध्यें त्याचे ३१ गोल झाले होते. पुढें त्याची धार बोथट झाली. पण एक गुण निर्विवाद होता. मागील तीन हंगामांत त्यानें अनुक्रमें ७९, ८१ व ७९ सामने खेळले होते, एकंदर सामने ८२ असतांना.

म्हणजे व्यापार असा झाला: तेज पण नाजूक माल देऊन मध्यम पण टिकाऊ माल घेतला. निकाल पाहूं गेल्यास ओटावाचें पारडें लागलीच खालीं आलें. कोझेन्सनें उरलेल्या २१ सामन्यांत ५ गोल केले व ११ गोलांस हात लाविला; संघ २०१७ नंतर प्रथमच बाद फेरीस पात्र ठरला आणि तेथें टोरंटोकडून सहाव्या सामन्यांत हरला. बफेलोकडे नॉरिसचे त्या हंगामांत तीनच सामने झाले. पुढील हंगामाच्या पहिल्याच सामन्यांत, ऑक्टोबर २०२५ मध्यें, तो पुन्हां जायबंदी झाला. आमच्या मंडळांतील जमाखर्चवाल्या मुलांनीं हें ऐकून विजयाचा आव आणिला. त्यांस मीं एवढेंच विचारलें कीं एखाद्यानें पावसाळ्यांत छत्री विकली आणि त्या दिवशीं पाऊस पडला नाहीं, तर तो शहाणा ठरतो काय? निर्णय घेतांना जें ठाऊक होतें त्यावरून निर्णयाची पारख करावी लागते. नंतर काय घडलें तें न्यायाधीश म्हणून बसूं लागलें कीं प्रत्येक जुगारी पंडित होतो.

याच खेळांतील दुसरें एक उदाहरण उलट साक्ष देतें. गेब्रियल विलार्डी या तरुणास २०१७ सालींच लॉस एंजेलिसच्या किंग्ज संघानें अकराव्या क्रमांकावर निवडलें. त्याचें दुखणें पाठीचें. त्यापायीं अडीच वर्षांहून अधिक काळ त्याला मुख्य संघांत पाऊल टाकतां आलें नाहीं. अखेर २० फेब्रुवारी २०२० रोजीं तो प्रथम बर्फावर उतरला व दहाव्या सेकंदास त्यानें गोल केला. संघानें त्याला धीरानें वाढविलें, मध्यावरून काढून कडेच्या जागीं खेळविलें, आणि २०२२–२३ मध्यें त्याचे ६३ सामन्यांत २३ गोल झाले. लावलेलें झाड फळास आलें, आणि जून २०२३ मध्यें किंग्जनीं तें दुसऱ्याच्या अंगणांत दिलें. विलार्डी, आणखी दोघे खेळाडू व एक निवडीचा हक्क विनिपेगला देऊन त्यांनीं पिएर-लुक डुब्वा हा धट्टाकट्टा गडी आणला आणि त्याच्याशीं आठ वर्षांचा करार केला. डुब्वा त्या हंगामांत ८२ पैकीं ८२ सामने खेळला, एकही चुकला नाहीं, आणि त्याचा खेळ इतका निस्तेज झाला कीं वर्ष पुरें होण्यापूर्वींच किंग्जनीं त्याला वॉशिंग्टनला देऊन टाकिलें. विलार्डीनें विनिपेगमध्यें २०२४–२५ सालीं ७१ सामन्यांत २७ गोल केले. अंगानें निरोगी असलेला माणूस संघास निरोगी करीलच असें नाहीं.

आणि तिसरी हकीगत, जिच्यामुळें मला हा लेख लिहावासा वाटला, ती जॅक आयकेलची. हा बफेलोचाच खेळाडू. २०१५ च्या निवडींत दुसरा, वर्षास एक कोटी डॉलरचा धनी, २०१८ पासून संघाचा कर्णधार. मार्च २०२१ मध्यें त्याच्या मानेंतील मणक्यांमधली गादी सरकली. उपचार दोन होते. संघाच्या डॉक्टरांचें मत असें कीं ती गादी काढून मणके एकमेकांस जोडून टाकावे. ही रीत जुनी व परिचित. आयकेल व त्यानें स्वतः सल्ला घेतलेले डॉक्टर म्हणत कीं तेथें कृत्रिम गादी बसवावी, म्हणजे मानेची हालचाल राहील व पुढें पुन्हां शस्त्रक्रिया करण्याचा प्रसंग टळण्याचा संभव अधिक. पण ती शस्त्रक्रिया त्या लीगमधील कोणाही खेळाडूनें तोंवर करून घेतलेली नव्हती, म्हणून संघ राजी होईना. मान कोणाची आणि मत कोणाचें चालावें? खेळाडूंच्या संघटनेनें केलेल्या सामुदायिक करारांत लिहिलें होतें कीं खेळाडूस दुसऱ्या डॉक्टराचें मत घेतां येईल, परंतु अखेरचा शब्द संघाचा राहील.

महिनेच्या महिने गेले. तरणाताठा माणूस ना उपचार घेऊं शके, ना खेळूं शके. सप्टेंबर २०२१ मध्यें त्याचें कर्णधारपद काढून घेतलें. ४ नोव्हेंबर २०२१ रोजीं बफेलोनें त्याला वेगसच्या गोल्डन नाइट्सकडे दिलें व मोबदल्यांत अलेक्स टक, पेटन क्रेब्स व दोन निवडींचे हक्क घेतले. वेगसनें त्याच्या मनासारखी शस्त्रक्रिया करूं दिली. आठ दिवसांच्या आंत ती झालीही. १६ फेब्रुवारी २०२२ रोजीं तो बर्फावर परतला. जून २०२३ मध्यें वेगसनें स्टॅनली चषक जिंकला, तेव्हां त्या वर्षींच्या बाद फेरींत सर्वांहून अधिक, म्हणजे २६ गुण आयकेलचे होते. बफेलोसही टकसारखा मोहरा मिळाला. तो त्याच संस्थानांत वाढलेला आणि लहानपणापासून त्या संघाचा चाहता होता, आणि २०२२–२३ मध्यें त्यानें ३६ गोल केले. तेव्हां व्यापार म्हणून कोणी बुडालें नाहीं. तरी या दोन प्रकरणांना एका तागडींत घालणें मला मान्य नाहीं. ओटावानें नॉरिसचा पगार दिला, तीन वर्षें वाट पाहिली, दोन शस्त्रक्रियांनंतर तो पुन्हां उभा राहून गोल करूं लागेपर्यंत थांबून मग त्याला दिलें. बफेलोनें आयकेलला जायबंदी असतां अडवून ठेविलें. पहिल्या ठिकाणीं संघानें आपल्या पैशांचा निर्णय घेतला. दुसऱ्या ठिकाणीं संघ दुसऱ्याच्या मानेचा निर्णय घेऊं पाहत होता. पैसा संघाचा आहे. खांदा आणि मान हीं कराराच्या कोणत्याही कलमानें संघाचीं होत नाहींत, कलम तसें लिहिलेलें असलें तरी.

म्हणून माझ्यापुरतें उत्तर असें कीं जायबंदी तरुणास दुसऱ्या संघास देणें यांत मूलतः अनीति नाहीं, परंतु तीन गोष्टी पाहिल्यावांचून तें करूं नये. उपचार पुरा झाला आहे काय. घेणाऱ्यास दुखण्याची सर्व हकीगत ठाऊक आहे काय. आणि जाणाऱ्यास कांहीं विचारलें आहे काय. पहिल्या दोन कसोट्यांस ओटावा उतरते असें मी मानितों. नॉरिसच्या खांद्याचा इतिहास वर्तमानपत्रें वाचणाऱ्या प्रत्येकास माहीत होता. बैलबाजारांत जसा लंगडा बैल चिखलांत उभा करून विकतात तसा हा सौदा नव्हता.

तिसऱ्या कसोटीपाशीं मात्र मला थांबावें लागतें. त्या लीगच्या नियमाप्रमाणें ‘माझ्या संमतीवांचून मला दुसरीकडे पाठवूं नये’ असें कलम करारांत घालतां येतें. पण तें अंमलांत येतें केव्हां, तर खेळाडू सत्तावीस वर्षांचा झाल्यावर किंवा त्याचे सात हंगाम पुरे झाल्यावर. नॉरिस त्या दिवशीं पंचवीस वर्षांचा होता. आयकेल पंचवीस वर्षांचाच. त्याच्या करारांतील तें कलम जुलै २०२२ मध्यें जागें होणार होतें, आणि त्याला नोव्हेंबर २०२१ मध्यें पाठविलें. म्हाताऱ्या खेळाडूस, ज्याचे थोडेच दिवस उरले आहेत, त्यास विचारावें लागतें. तरुणास, ज्याचें सगळें आयुष्य पुढें आहे, त्यास विचारण्याची गरज नाहीं. संघ याला लबाडी म्हणत नाहींत, नियोजन म्हणतात. मला यांत नवल वाटलें नाहीं. आपल्या घरांतही मुलाचें शाळा बदलणें, गांव बदलणें, विषय बदलणें हें वडीलधारी मंडळी जेवतांना ठरवितात व मुलास हात धुतांना सांगतात.

येथें पालकांशीं दोन शब्द बोलण्याची परवानगी घेतों. आपल्या मुलांची कोणी अदलाबदल करीत नाहीं, कोणी त्यांस कोटी डॉलर देत नाहीं. पण दुखण्याचा व्यापार आपल्याकडेही चालतो, फक्त चलन निराळें आहे. वरच्या पातळीवरील स्पर्धांत खेळलेल्या मुलास शालान्त परीक्षेंत सवलतीचे गुण मिळतात. ते गुण चांगल्या हेतूनें ठेवलेले आहेत. परंतु त्यांच्यापायीं सुजलेला घोटा पट्टीखालीं दडवून मुलगा निवडीला उभा राहतो, आणि बाजूला वडील उभे असतात, ‘सर, कांहीं नाहीं, थोडा मुरगळला आहे.’ मीं घोट्याला हात लाविला कीं मुलगा ओंठ चावतो. तो माझ्याकडे पाहत नाहीं, वडिलांकडे पाहतो. अशा वेळीं त्यास बसविलें तर वर्षभर माझ्याशीं अबोला धरणारीं घरें मला ठाऊक आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाहीं, तीं घरें मुलाच्या भल्याचाच विचार करीत असतात. ओटावाच्या मॅनेजरास निदान इतकी सोय होती कीं त्याच्या पुढ्यांत डॉक्टरांचे कागद होते.

मुलांनाही एक गोष्ट सांगतों. जो वारंवार जायबंदी होतो त्याला तुम्ही ‘कांचेचा’ म्हणतां. हा शब्द मैदानावर माझ्या कानीं आला कीं मी खेळ थांबवितों. एकाच जागीं तीनदां झालेली दुखापत हा स्वभावाचा दोष नव्हे. पहिली दुखापत दुसरीची वाट करून ठेवते, एवढाच त्याचा अर्थ. पहिली केव्हां झाली, कोणाच्या धक्क्यानें झाली, आणि ती पुरी बरी होण्यापूर्वीं त्याला कोणीं परत बोलाविलें, हें पाहूं लागलों तर बहुधा कांच त्या मुलांत आढळत नाहीं.

गेल्या जूनपासून आमच्या हॉकी संघाच्या प्रवेशपत्रांत दोन बदल केले आहेत. पालकांच्या सहीखालीं आतां विद्यार्थ्याचीही सही लागते, आणि त्याच्या वर ‘पूर्वींची दुखापत’ असा एक रकाना आहे. बहुतेक अर्जांत तो रकाना कोराच आला. एकांत मात्र शिसपेन्सिलीनें, वडिलांच्या अक्षराहून निराळ्या अक्षरांत, लिहिलेलें होतें: ‘डावा खांदा, दोन वेळां.’ तो आघाडीस खेळतो. त्याला मीं संघांत घेतलें आहे. खांद्याचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम रोज सकाळीं वीस मिनिटें चालले आहेत, आणि पहिला सामना केव्हां खेळावयाचा तें डॉक्टर पुढील महिन्यांत पाहून सांगणार आहेत.